खिडकीची बाजू, भिंतीची बाजू

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, तर आतल्या माणसांना किती वेळ लागेल ते खरं सांगत नाहीत.

देव आहे का, हा प्रश्न दरवर्षी पहिल्याच तासाला येतो. विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, वर्गाला हसवायचं असतं.

एका घरात नवरा बायकोला विचारतो, आमटीत मीठ कमी पडलंय का गं? बायको म्हणते, तुला काय वाटतं?

एक बाई अंथरुणात पडल्या पडल्या ठरवते आहे, की खिडक्यांना हिरवा रंग द्यायचा की राखाडी.

मत छत्रीसारखं असतं. वर्गाबाहेर ठेवून यायचं. आत उघडलं तर कोणाच्या तरी डोळ्यात काडी जाते.

"बाईंनीच सांगितलं."

हे शेवटचं वाक्य आत्ता बोललं गेलं, मुख्याध्यापकांच्या खोलीत, मधल्या सुट्टीनंतरच्या पहिल्या तासाला. बोलणारी मुलगी नववीतली आहे, खुर्चीच्या कडेला टेकून स्वतःच्या बुटांकडे बघते आहे. तिच्या एका बाजूला तिचे वडील, लिफ्ट दुरुस्त करतात, कामाच्या निळ्या कपड्यांतच आलेत. दुसऱ्या बाजूला आत्या, पर्स मांडीवर दोन्ही हातांनी दाबून धरलेली, जणू तीही उठून काहीतरी बोलेल. टेबलामागे मुख्याध्यापक. आणि दाराशी, अजून न बसलेल्या, बोटांना खडू लागलेल्या बाई. पोरं त्यांना पणबाई म्हणतात, कारण कोणीही काहीही उत्तर दिलं की बाई मान हलवून "छान, पण..." म्हणतात. विषयाचं नाव लांबलचक आहे, नीतिशिक्षण, तत्त्वज्ञान आणि धर्मांची ओळख. त्याला गुण नाहीत. तास नेहमी जेवणानंतर येतो, कारण पोरं झोपली तरी कोणाचं नुकसान नाही.

"माझ्या वहिनीला काय झालंय ते तिला सोडून आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं," आत्या म्हणते. "डॉक्टरच म्हणाले, एवढ्यात सांगू नका, धीर सोडेल. उन्हाळ्यापासून तोंडं शिवून बसलोय आम्ही. माझा दादा हसऱ्या चेहऱ्याने घरात शिरायचा आणि मोरीत जाऊन रडायचा. आणि ह्या शहाणीने एका संध्याकाळी आईपुढे सगळं ओकून टाकलं. का, तर म्हणे खरं सांगावं! शाळेत शिकवलं!"

"वर्गात नाही, आत्या," मुलगी बुटांना सांगते. "नंतर. मी विचारलं तेव्हा. बाईंनीच सांगितलं."

मुख्याध्यापक चष्मा काढून टेबलावर ठेवतात. "बाई, तुम्ही असं सांगितलंत का? हो किंवा नाही. ते तुमचं दोन्ही बाजूंनी विचार करा वगैरे आत्ता नको." ते स्वतःच थोडं हसतात. बाकी कोणी हसत नाही.

नाही. उत्तर नाही असं आहे. बाईंनी काहीही सांगितलं नव्हतं. हे निखळ खरं आहे, एका शब्दाचं आहे, जिभेच्या टोकावर आलेलं आहे, आणि बाईंना वाटतं की आपण ते उच्चारलंसुद्धा. पण खोलीत कोणी हललेलं नाही, म्हणजे उच्चारलेलं नाही. मुख्याध्यापकांची भुवई प्रश्नाच्या उंचीवरच थांबली आहे. बाईंना एकाएकी त्या दिवशीच्या तासाचा वास आला, ओल्या फडक्याचा आणि डबे उघडून बंद केल्याचा, आणि दिसलं की खिडकीच्या बाजूची पोरं एका अंगाने उन्हात आहेत आणि भिंतीच्या बाजूची सावलीत. उलट बाजूचा तास. बाईंनी ही पद्धत स्वतः बसवली होती, त्यांना तिचा अभिमान होता. बाजू कोणी निवडायची नाही, जिथे बसलात ती तुमची बाजू. खिडकीने म्हणायचं, आजारी माणसाला खरं सांगावं. भिंतीने म्हणायचं, सांगू नये. जे पटत नाही तेच जीव तोडून मांडा, म्हणजे समोरचा वेडा नाही हे कळतं. फळ्यावर त्यांनी लिहिलं होतं, 'एक गृहस्थ आजारी आहेत.' गृहस्थ मुद्दाम लिहिलं होतं. गृहस्थ म्हटलं की कोणाच्या घरातलं वाटत नाही. आणि मग, चर्चा सपक होते आहे असं वाटून, त्यांनीच हात वर करून म्हटलं होतं, "अरे, उदाहरण जवळचं घ्या. लांबच्या माणसाबद्दल कोणीही शहाणं असतं."

जवळचं घ्या. हे वाक्य त्यांच्या तोंडात इतकं रुळलेलं होतं, की बोलताना जिभेला चवसुद्धा लागायची नाही.

"बाई, बसा ना," मुख्याध्यापक म्हणतात, आणि बाई बसतात. खुर्ची अपेक्षेपेक्षा खाली निघते. तास संपल्यावर मुलगी मागे राहिली होती. वर्ग रिकामा झाल्यावर तिने सदऱ्याच्या बाहीने बाक पुसायला घेतला, पुसण्यासारखं काही नसताना. बाई फळा पुसत होत्या. दोघी पुसत होत्या. मग मुलगी म्हणाली, "बाई, समजा गृहस्थ नाही, आई आहे. तिला माहीत नाही आणि बाकी सगळ्यांना माहीत आहे. तर सांगावं का? तुम्हाला काय वाटतं?" आणि बाईंना आनंद झाला. हे आठवताना त्यांच्या कानशिलांत ऊन चढतं. आनंद झाला होता. पोरीने गृहस्थाच्या जागी आई घातली, उदाहरण जवळचं घेतलं, तास संपल्यावरही तास चालू ठेवला. असं वर्षातून एखादंच पोर करतं. बाई वळून हसल्या आणि म्हणाल्या, "छान प्रश्न आहे. पण माझं मत तुला कशाला? तू ठरव." मुलीने बाही खाली ओढली. मग म्हणाली, "हं." आणि गेली. बाईंनी स्टाफरूममध्ये गणिताच्या सरांना सांगितलंसुद्धा, काय विचार करतात हो ही मुलं! सर म्हणाले, करतात ना, गणित सोडून सगळ्याचा करतात.

मताच्या छत्रीची गोष्ट शिकवायला शिकवणाऱ्या एका म्हाताऱ्या मॅडमनी सांगितली होती, पण बाईंना ती सांगायची गरजच नव्हती. त्यांच्या घरात वडिलांचं मत जेवणाआधी ताटात पडायचं. देव आहे आणि तो असा आहे, अमक्यांच्यात जेवायचं नाही, निळा रंग उदास, दूध पौष्टिक. आपल्याला दूध आवडत नाही, हे बाईंना लग्न झाल्यावर कळलं. पेला हातात घेऊन त्या स्वयंपाकघरात उभ्या होत्या आणि रडू लागल्या. नवरा घाबरला, नासलंय का म्हणाला. तेव्हापासून त्यांनी ठरवलं, की कोणाच्या पोराच्या ताटात आपण आपला घास टाकायचा नाही. आणि या विषयाला ते शोभूनही दिसायचं. वर्गात तऱ्हेतऱ्हेच्या घरांतली पोरं, कोणाच्या घरी दोन वेळा प्रार्थना, कोणाच्या घरी देवाचं नाव काढलं की आजोबा टीव्ही मोठा करणार. तिथे शिक्षकाने बोललेलं एक वाक्य म्हणजे काचेच्या दुकानात सोडलेला बैल. मेल्यावर काय होतं, बाई? तुला काय वाटतं? पाप म्हणजे काय, बाई? तुला काय वाटतं? कोणाचा दिवा विझला नाही, कोणाचा लागला नाही. कधी पोचलं हे 'तुला काय वाटतं' आमटीपर्यंत? मुलगा कॉलेजात कुठल्या शाखेला जाऊ म्हणून विचारत होता, तेव्हा नवरा ओरडला होता, "अगं, त्याला उत्तर दे! तो तुझा विद्यार्थी नाही!" बाई तेव्हाही शांत होत्या. त्यांना वाटलं होतं, याला संयम म्हणतात.

"त्या दिवसापासून वहिनी बोलत नाही," आत्या सांगते आहे, मुख्याध्यापकांना, कारण बाईंकडे बघायची तिची इच्छा नाही. "गोळी हातावर घेते आणि बघत बसते. आधी कशी, बरी झाले की खिडक्या रंगवू, हिरव्या करू की राखाडी, डोकं खायची आमचं. आता एकदा तरी रंगाचं नाव काढावं!"

पालकांच्या सभेला ती आई आली होती. बाईंना ती आता लख्ख दिसते, बारीक, मोठ्याने हसणारी, हातातल्या पिशवीतून काहीतरी गळत होतं आणि तिला पत्ता नव्हता. "आमची घरी घुमी असते, तुमच्या तासाला बोलते म्हणे. तिथे काय घालता तिला खायला?" बाई म्हणाल्या होत्या, तुम्हाला काय वाटतं? आणि दोघी हसल्या होत्या. जाताना तिने वर्गाच्या खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, हा रंग टिकतो का हो? तेवढ्या एका प्रश्नाला बाईंनी सरळ उत्तर दिलं होतं. नाही, पोपडे येतात.

आता वडील बोलतात. ते बोलू लागतात तेव्हा कळतं, की इतका वेळ ते वाक्य जुळवत होते. "बाई, लिफ्ट अडकली ना, की आत माणसं घाबरलेली असतात. आम्ही बाहेरून ओरडून सांगतो, दोन मिनिटं हां, झालंच. तासभर लागणार असला तरी. खरं सांगितलं तर लोक दार उचकटायला बघतात, एखादा पडतो खाली. खोटं नसतं ते. आम्ही बाहेर आहोत एवढंच सांगायचं असतं." ते बोटांवरचं वंगण अंगठ्याने पुसतात. "तेवढंच करत होतो मी घरी."

आणि बाईंच्या मनात, त्यांनी न बोलावता, येतं, की हे उदाहरण उत्तम आहे, भिंतीच्या बाजूला पुढच्या वर्षी द्यायला हवं. येतं आणि त्यांना स्वतःची शिसारी येते. समोर एक माणूस स्वतःचं काळीज काढून टेबलावर ठेवतो आहे आणि आपण त्याला पुढच्या वर्षीच्या तासाला घालतो आहोत. शिसारीच्या पाठोपाठ आणखी एक, की पण त्या आतल्या माणसाला एकदाही कोणी विचारलं नाही, की तुला किती वेळ हवाय? आणि हेही 'पण'च.

"बाई," मुख्याध्यापक म्हणतात. "मी काहीतरी विचारलंय."

मग बाईंच्या डोळ्यांपुढे त्या खोलीतच वर्ग भरतो. डावीकडे कागदपत्रांच्या कपाटाजवळ खिडकीची बाजू, उजवीकडे आत्याच्या मागे भिंतीची.

खिडकी: बाईंनी खरं सांगावं. त्यांनी काही सांगितलं नाही, विषय संपला.

भिंत: खरं सांगितलं की ती मुलगी खोटी पडते, बाई. घरात आधीच तिच्याशी कोणी बोलत नाही.

खिडकी: पण ती खोटं बोललीच आहे ना?

भिंत: कारण तिला कोणीतरी बरोबर हवं होतं. एकटीने केलं असं तिला म्हणवत नाही.

खिडकी: बाई खोटं बोलल्या तर त्यांचा तास जाईल. कदाचित नोकरीपण.

भिंत: आणि नोकरी वाचते म्हणून खरं बोललं, तर ते खरं राहतं का, बाई?

(मागच्या बाकावरून: बाई, मी पाणी पिऊन येऊ?)

खिडकी: पण बाईंनी 'सांग' म्हटलं नव्हतं. 'सांगू नको'ही म्हटलं नव्हतं. काहीच न बोलणं म्हणजे सांगणं असतं का, बाई?

भिंत: बाई, तुम्हाला काय वाटतं?

खिडकी: हो, बाई, तुम्हाला?

सगळे बघतात. मधल्या रांगेत, जिथून बाई नेहमी येरझाऱ्या घालतात, तिथे आज सावलीही नाही आणि ऊनही नाही, नुसती एक बसकी खुर्ची आहे. इतकी वर्षं ही मधली जागा म्हणजे डोंगरमाथा वाटायची, दोन्हीकडचं दिसतं अशी. मुलगी अजून बुटांकडे बघते आहे. उजव्या बुटाची नाडी नीट बांधलेली नाही, लटकते आहे, आणि तिला ती बांधायला वाकता येत नाही, कारण वाकलं की रडू येईल. हे बाईंना कुठल्याही बाजूने विचार न करता कळतं. कळण्याला बाजूच नसते.

"हो," बाई म्हणतात.

"हो म्हणजे?"

"हो. मी सांगितलं. आईला सांगून टाक म्हटलं."

आत्याची पर्स खाली पडते. "बघा! तोंड वर करून सांगतायत! अहो, तुमच्या हातात पोरं देतो आम्ही, की..." ती वाक्य पूर्ण करत नाही, वाकून पर्स उचलते, आणि उचलताना तिचा आवाज फुटतो. "पाच वर्षांची होते मी तेव्हापासून धाकधूक माहीत आहे मला आजाराची. आमच्या आईला असंच सांगितलं होतं. आठवड्यात गेली." हे वडिलांनाही नवीन नसावं, तरी ते बहिणीकडे वळून बघतात.

मग ते बाईंना विचारतात, "तुम्हाला मुलं आहेत?"

"एक मुलगा."

"तुम्ही त्या जागी असता. त्याने येऊन सांगितलं असतं, तर चाललं असतं तुम्हाला?"

"हो," बाई म्हणतात. दुसऱ्यांदा. पहिला 'हो' खोटा होता, हे त्यांना माहीत आहे. दुसऱ्याचं त्यांना माहीत नाही. कानाला दोन्ही अगदी सारखेच लागले. मुलगा स्वयंपाकघराच्या दारात उभा आहे, हात चौकटीवर, आई एक सांगायचंय, आणि आपण त्याला म्हणतो आहोत, तुला काय वाटतं? नाही. असं म्हणायला तिथे वेळ नसेल. वडील मान हलवतात. पटलं म्हणून नव्हे, नोंद घेतली म्हणून. तारा तपासताना हलवत असतील तशी.

मुख्याध्यापक चष्मा घालतात, आणि ते पुन्हा मुख्याध्यापक होतात. "सोमवारपासून तो तास गणिताकडे जाईल. बाकीचं संस्था ठरवेल, मी आत्ता काही बोलत नाही. बाई, मला वाटलं होतं तुम्ही कधी कोणाला काही सांगतच नाही. निदान तेवढी तरी खात्री होती." त्यांच्या आवाजात राग कमी आणि फसवणूक झाल्याचं दुःख जास्त आहे. आणि बाईंना कळतं, की ते बरोबर बोलत आहेत. आपण जे खोटं बोललो ते कोणालाही आपल्याबद्दल खरं वाटायला नको होतं, पण सगळ्यांना लगेच खरं वाटलं. सगळ्यांना, मुलीला सोडून. मुलीने पहिल्यांदा मान वर केली आहे. तिच्या डोळ्यांत आभार नाहीत. बाईंनी ते शोधले, हेही त्यांच्या लक्षात येतं. डोळ्यांत एक सरळ प्रश्न आहे, जो बाकावर बाही घासताना होता तोच असावा, तेव्हा बाईंचं तोंड फळ्याकडे होतं.

मुलीला घरी न्यायचं ठरतं. दप्तर वर्गात आहे. ते आणायला मुलगी निघते आणि बाई तिच्याबरोबर चालतात. लांब व्हरांडा, वर्गावर्गातून वेगवेगळे आवाज, एका वर्गात कोणीतरी पाढे म्हणतंय, एका वर्गात शिक्षक नाहीत हे लांबून ऐकू येतं. मुलगी जिन्याशी थांबून नाडी बांधते. बांधता बांधता म्हणते,

"बाई, तुम्ही मला काहीच नव्हतं सांगितलं."

"माहीत आहे."

"मग खोटं का बोललात?"

"तू का बोललीस?"

मुलगी नाडीची गाठ पुन्हा सोडते. "आत्या सारखं विचारत होती, कोणी शिकवलं, कोणी शिकवलं. मी म्हटलं कोणी नाही. तिला पटेना. कोणीतरी शिकवल्याशिवाय असं कोणी करतच नाही म्हणते. मग मी तुमचं नाव घेतलं. तुम्ही नाही म्हणाल असं वाटलं होतं. तुम्ही नाही म्हणाला असतात ना, तर बरं झालं असतं. मला सगळ्यांनी एकदाच बोलून घेतलं असतं." ती उठते. "आता घरी सगळे म्हणणार, पोरगी साधी आहे, बाईंनी बिघडवली. माझं मी केलं होतं ते, बाई."

बाईंना हे सुचलंच नव्हतं. खिडकीला नाही, भिंतीला नाही. त्यांनी पोरीला वाचवताना तिच्या हातून तिचं एकुलतं एक काम काढून घेतलं होतं, आणि वर स्वतःचं नाव घातलं होतं. जेवणाआधी ताटात.

"मी परत जाऊन सांगते," बाई म्हणतात.

"नको. आता कोण ऐकणार." मग, दोन पायऱ्या चढून, न वळता, "बरोबर केलं का मी?"

'तुला काय' एवढं बाईंच्या घशापर्यंत येतं. तिथे ते अडकतं. वरच्या मजल्यावर कोणीतरी बाक ओढतंय, लोखंडाचा पाय फरशीवर घासतो आणि दात शिवशिवतात. बाई त्या आईचा चेहरा आणायचा प्रयत्न करतात, गोळीकडे बघणारा. येतो तो मोठ्याने हसणारा. त्या बापाचं हसू आणतात, मोरीत जाऊन पुसलेलं. मुलगी थांबते.

"मला माहीत नाही," बाई म्हणतात.

मुलगी वळते. "हे वर्गातलं 'माहीत नाही' आहे, की खरंच माहीत नाही?"

"खरंच."

मुलगी त्यांच्याकडे बघते. हिशोब जुळतोय का बघावं तशी. "बरं," ती म्हणते, आणि दप्तर आणायला वर जाते. बाई जिन्यात उभ्या राहतात. त्यांना कळत नाही, की चढायचं की उतरायचं, आणि या क्षणी दोन्हीकडे त्यांचा कुठलाच तास नाही.

ज्या संध्याकाळी मुलीने सांगितलं, तेव्हा आई तिच्या वेण्या घालत होती. एक घालून झाली होती. ऐकल्यावर तिने दुसरीही घातली.